पिंप उतरलं का?

मित्रांनो, एक पत्र होते. पत्र कसले, साधे पोस्टकार्ड. त्यावर चार ओळी होत्या. काकांनी ते माझ्यासमोर उभे राहून वाचले, पुन्हा वाचले, ज्याची घडी होत नाही त्या कार्डाची घडी घातली आणि स्वेटरच्या खिशात कोंबले. त्याला त्यांनी उत्तर दिले नाही. त्यानंतर कित्येक आठवडे आम्ही दोघे त्या चार ओळींचा अर्थ लावत बसलो. आजही ते कार्ड आठवले की माझ्या पत्र्याला घाम सुटतो.

पण मी कोण, हे आधी सांगायला हवे. मी एक जुने पोलादी पिंप आहे. धंद्यातले लोक मला केग म्हणतात. माझ्या पोटात पन्नास लिटर बिअर मावते. तुमच्यातल्या लहानांनी त्या मालाकडे लक्ष देऊ नये, तो मोठ्या माणसांचा विषय आहे. तुम्ही हवे तर मनात दूध धरा. नासण्याची भीती दोघांनाही सारखीच.

माझा जन्म एका गोंगाटाच्या कारखान्यात झाला. जाड पोलादी पत्र्याच्या दोन वाट्या यंत्राने दाबल्या, एकीवर दुसरी पालथी घालून पोटाशी जोडल्या, आणि मी झालो. डोक्यावर एकच तोंड, तोंडात झडप, झडपेपासून तळापर्यंत एक नळी. वरून वायूचा दाब दिला की बिअर त्या नळीतून चढते आणि नळाला येते. माझ्या आत उजेड जात नाही, वारा जात नाही, कोणाची नजरही जात नाही. पिंपाची थोरवी ती एवढीच. पंचाईतही तीच, कारण आत काही बिघडले तरी माझ्या तोंडावर त्याची रेघही उमटत नाही.

माझ्या उमेदीची वर्षे दादांकडे गेली. दादा बिअर बनवत. गावाच्या टोकाला त्यांचा लहानसा कारखाना होता. उभा जन्म पिंपांच्या खणखणाटात काढल्यामुळे त्यांचे कान पार गेले होते. फोन त्यांच्या कामाचा नव्हता. सगळा कारभार पोस्टकार्डांवर चाले. नवा माणूस कामाला लागला की दादा त्याला माझ्यापुढे उभा करत आणि ओरडून सांगत. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही.

"ही जिवंत बिअर आहे. हिला तापवून मारलेलं नाही. तापवलेली तीन-चार महिने तग धरते. ही दोन महिने, तेही गार राहिली तर. एक दिवस उन्हात ठेवलीस तर हिला आठवड्याचं म्हातारपण येईल, कळलं का?"

मग ते खिशातून खडू काढत आणि माझ्या खांद्यावर भरल्याची तारीख लिहीत. ती तारीख हीच माझी जन्मपत्रिका, आणि दर वेळी नवी.

कौतुकाचे दिवस पुष्कळ पाहिले. लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवत, दोघे दोघे मिळून मला उचलत. पण एकदा मला कोणाच्या तरी समारंभाला भाड्याने नेले. तिथे वायूचे नळकांडे नव्हते, हातपंप होता. हातपंप म्हणजे सायकलच्या पंपाचा थोरला भाऊ. तो बिअर वर चढवतो खरी, पण साधी हवा आत कोंबून. लोक प्याले, नाचले आणि निघून गेले. मी अर्धा भरलेला तंबूच्या मागे उन्हात राहिलो. संध्याकाळपर्यंत निभावले. दुसऱ्या दिवशी माझ्या पोटात ओल्या पुठ्ठ्याचा वास सुटला. त्यानंतर आंबूस. मला कोणीतरी आठवणीने परत नेईपर्यंत मी स्वतःचाच वास सहन करत उभा होतो. कारखान्यातल्या धुणाऱ्याने झडप काढली, तोंड फिरवले आणि म्हणाला, "मेलं हे." मला उकळत्या पाण्याने तीनदा धुतले तरी तो शब्द निघाला नाही.

तेव्हापासून मला ऊन, वारा आणि विसराळू माणूस यांची धास्ती बसली.

दादांची धाकटी बहीण एक छोटा बार चालवत असे. दादा तिला छोटी म्हणत, बाकी सगळे बाई. तिच्याकडे जायचे म्हटले की मला माहेरी गेल्यासारखे वाटे. बाईंची थंड खोली मागच्या गल्लीला लागून होती. आत कायम तीन-चार अंश, म्हणजे पाणी गोठते त्याच्या जरा वर. जुने पिंप पुढे, नवे मागे. प्रवास करून आलेल्याला एक दिवस उभे राहू द्यायचे, मगच हात लावायचा. नळाच्या नळ्या दर पंधरवड्याला धुवायच्या, कारण पिंपात काही न बिघडता नळीतच बिघडते आणि बोल मात्र पिंपाला लागतो. हे सगळे बाई गुणगुणत करत.

आणि मग एके सकाळी त्याच खोलीच्या ओल्या फरशीवर बाईंचा पाय घसरला. खुब्याचे हाड मोडले. त्यांना लेकीच्या शहरात नेऊन ऑपरेशन केले. बार काकांच्या गळ्यात पडला.

काका म्हणजे बाईंचे यजमान. त्यांची सगळी नोकरी वाचनालयात गेली होती. माणसे समोर आली की ते चष्मा पुसत, पुस्तक समोर आले की चष्मा घालत. स्वतःच्या सहीबद्दलही त्यांना शंका येई आणि ते ती पुन्हा गिरवत. बाई फोनवर त्यांना म्हणाल्या होत्या, "अहो, तुम्ही फक्त खोलीचं दार लावत जा. बाकीचं मावशी बघतील." मावशी म्हणजे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या. त्यांना स्वतःबद्दल कसलीच शंका नव्हती.

त्याच सुमारास दादांनी कारखाना बंद करायचे ठरवले. वय झाले होते. शेवटची म्हणून त्यांनी काळी बिअर लावली. तीच बिअर, जी भावाबहिणीने तरुणपणी पहिल्यांदा मिळून केली होती. ती माझ्यात भरली. खडूने तारीख लिहिली आणि माझ्या डोक्यावर थाप मारून दादा म्हणाले, "छोटी घरी येईल तेव्हा पहिला पेला तिचा. तोवर नीट राहा." महिनाभरात बाई घरी येणार होत्या. माझ्यापाशी दोन महिने होते. हिशेब सोपा होता.

सोपा हिशेबच चुकतो. गाडी उशिरा निघाली, लांबच्या रस्त्याने गेली, आणि दुपारच्या उन्हात मला बाईंच्या मागच्या दाराशी ठेवताना गाडीवान काकांना म्हणाला, "उन्हातनं आलंय, साहेब. लवकर आत घ्या." बस, एवढेच. तो गेला. पण त्याचे ते वाक्य काकांच्या कानात जळवेसारखे चिकटून राहिले. त्यांनी माझ्या अंगाला हात लावला. मी कोमट होतो. त्यांनी हात असा मागे घेतला, जसा तापलेल्या मुलाच्या कपाळावरून घेतात.

चार दिवसांनी ते कार्ड आले. काका ते घेऊन थंड खोलीत आले. गिऱ्हाइकांपासून लपायला ते तिथेच येत, मफलर बांधून आणि बगलेत पुस्तक घेऊन. त्यांनी पुटपुटत वाचले.

"भाऊजींना नमस्कार. काळ्या बिअरचं हे शेवटचं पिंप, पुन्हा होणे नाही. उतरलं का ते कळवा, म्हणजे जीव भांड्यात पडेल. छोटीला आत्ताच सांगू नका."

नेमके त्याच वेळी मावशींनी दारातून डोके घातले. "काका, कालची भाजी उतरली. वास मारतेय. टाकून देते."

काकांचा चेहरा कार्डासारखाच पिवळा पडला. आता तुम्हीच सांगा, मित्रांनो, अन्न उतरले म्हणजे काय ते कोणाला सांगावे लागते का? उतरले म्हणजे बिघडायला लागले. म्हणजे दादांना तिकडे बसून कळलेच होते. ऊन लागले हे त्यांना गाडीवानाने सांगितले असणार. निदान आम्हा दोघांना तसेच वाटले. मी स्वतःच्या पोटाचा कानोसा घेऊ लागलो. कुठे पुठ्ठ्याचा वास येतो का? येत नव्हता. मग येत होता. मग पुन्हा नव्हता. भीतीला नाक असते आणि ते फार तिखट असते.

"काय लिहू आता?" काका माझ्याशी बोलू लागले. "उतरलं नाही म्हणून लिहावं, तर मला कुठे ठाऊक आहे? उतरलं म्हणावं, तर त्यांचा शेवटचा माल मी घालवला असं होईल. उद्या लिहू." उद्याचे परवा झाले. कार्ड खिशातच राहिले.

मग एका दुपारी वीज गेली. ती जाताना नेहमी जाते तशी गेली नाही. खोलीच्या यंत्राने एक उचकी दिली आणि गुरगुर थांबली. इतक्या वर्षांत ती शांतता मी कधी ऐकली नव्हती. छतावरून एक थेंब माझ्या डोक्यावर पडला. मग दुसरा. बाहेर ऊन रणरणत होते आणि ते दाराच्या फटीतून आत बघत होते.

काका धावत आले. वरून स्वतःची जाड दुलई आणली आणि मला चहूकडून गुंडाळली. मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"काका, पिंप आहे ते. बाळंतीण नाही."

"दुलई ऊब तयार करत नाही, मावशी. आत जे असेल ते राखते. ऊब असेल तर ऊब, गारवा असेल तर गारवा."

"असं कुठं असतं? आम्ही थंडीत दुलई घेतो ती गार पडायला का?"

"मी वाचलंय."

"वाचलेलं सगळं खरं असतं तर तुम्ही एव्हाना मंत्री झाला असता. काढा ते, शिजून निघेल आतलं."

काकांनी दुलई काढली. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर मी त्या दिवशी ओरडलो असतो. खोलीची हवा ओल्या फडक्यासारखी अंगावर येऊन बसली. खालून वर ऊब चढू लागली. काका माझ्यासमोर उभे होते, हातात दुलई, आणि मान एकदा माझ्याकडे, एकदा दाराकडे. ते पुटपुटत होते, "मी वाचलंय. पण चुकीचं वाचलं असेल. पण वाचलंय." असे किती वेळ गेले कोण जाणे. प्रत्येक क्षणाला मी म्हातारा होत होतो.

शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या पोटाला मिठी मारली. गारवा अजून होता. त्यांच्या गालाला तो लागला असावा. ते दाराकडे वळून म्हणाले, "मावशी, बाजारातून बर्फाची लादी आणायला सांगा. आणि दुलई मी पुन्हा घालतोय." आवाज इतका हळू होता की मावशींनी तो ऐकला नसता तर काकांनाच बरे वाटले असते. पण मावशींनी ऐकला. बर्फ आला. तो माझ्या पायाशी रचला, वरून ओली पोती, पोत्यांवर दुलई. संध्याकाळी यंत्राने पुन्हा गुरगुर सुरू केली तेव्हा मी गार होतो. काका मात्र घामाने निथळत होते.

इथवर ठीक होते. पण घाबरलेला माणूस एका खड्ड्यातून निघाला की दुसऱ्या बाजूच्या खड्ड्यात पडतो. काकांनी विचार केला, पुन्हा वीज गेली तर गारवा शिल्लक असावा. त्यांनी खोलीच्या यंत्राचे बटण पार शेवटापर्यंत फिरवले.

सुरुवातीला मला बरे वाटले. मग पत्र्याला आतून काहीतरी टोचू लागले. माझ्या भिंतींवर बर्फाच्या बारीक सुया उगवत होत्या. बिअर गोठली की तिच्यातले पाणी एकीकडे आणि सत्त्व दुसरीकडे होते. पुन्हा वितळली तरी ती पूर्वीची राहत नाही. आणि बर्फ फुगतो. माझ्या जोडावर ताण आला. मी ऐकले होते की एका पिंपाचा जोड असाच एकदा फुटला. खरे की खोटे माहीत नाही, पण त्या थंडीत खोटेही खरे वाटते. उन्हाने मरायची भीती मी वर्षानुवर्षे बाळगली होती, आणि इथे मला कोणीतरी मायेने गोठवत होते.

माझा जीव वाचवला कोथिंबिरीने. बाईंची सक्त मनाई असूनही मावशी आपली भाजी गुपचूप थंड खोलीत ठेवत. सकाळी त्यांनी जुडी उचलली तर ती काचेसारखी मोडली.

"काका, ही बघा तुमची कोथिंबीर."

"माझी?"

"तुम्हीच केली अशी. आता हिची फोडणी देऊ का हातोड्यानं फोडू?"

काकांनी जुडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि बटण होते तिथे आणले. नंतर बराच वेळ ते माझ्या शेजारी उभे राहून चष्म्यावरची वाफ पुसत होते. सुया विरघळल्या. आत काही तुटले की नाही, ते मलाही कळले नाही.

बाई महिनाभरात येणार होत्या, त्या आल्या नाहीत. जखमेत पू झाला. ताप आला. थंड खोलीच्या बाहेरच भिंतीवर फोन होता. रोज सकाळी काका लेकीला विचारत, "उतरला का ग ताप?" आणि रोज पलीकडून काहीतरी लांबलचक उत्तर येई, जे 'हो' नसे. फोन ठेवून ते आत येत आणि माझ्या खांद्यावरची तारीख बघत. एकाच शब्दाकडे आम्ही दोन बाजूंनी बघत होतो. तिकडचे उतरावे म्हणून देव पाण्यात, इकडचे उतरू नये म्हणूनही देव पाण्यात.

माझे दिवस सरत होते. मी रिकामा होत नव्हतो आणि तरी कमी होत होतो. बाईंनी पडण्याआधी जोडून ठेवलेली पुढची पिंपे एकेक करून संपली आणि बार बाटल्यांवर चालू लागला. मी कोपऱ्यात होतो तिथेच.

अशात दुसरे कार्ड आले. "उत्तर नाही. उतरलं नसेल तर स्पष्ट लिहा. त्याच बिअरचं अर्धं पिंप मी माझ्यासाठी ठेवलंय, ते पाठवतो."

काका मटकन खाली बसले, बर्फाच्या रिकाम्या पोत्यांवरच. "उतरलं नसेल तर पाठवतो? चांगलं असेल तर आणखी पाठवतो? हा टोमणा आहे. दादा रागावलेत." सरळ वाक्यात टोमणा शोधायला मोठी विद्वत्ता लागते, आणि काकांकडे ती होती. हेही कार्ड पहिल्याच्या शेजारी खिशात गेले.

बारमध्ये रोज एक शिंपी येत असे. गळ्यात टेप आणि तोंडात दुसऱ्याची खोडी. काकांचा उतरलेला चेहरा बघून त्याने सगळे काढून घेतले.

"अहो, मग टिचकी मारून बघा की, कलिंगडाला मारतात तशी."

"पिंपाला टिचकी मारून काय कळणार?"

"तेच तर म्हणतोय. नाही कळणार. एक पेला काढून प्या, म्हणजे कळेल. तो कोपऱ्यात हातपंप आहे ना? लावा आणि उडवा. इतके घाबरता कशाला? बिअर आहे, बॉम्ब नाही."

हातपंप हा शब्द मी भिंतीतून ऐकला. थोड्या वेळाने दार उघडले. काकांच्या हातात तो होता. काळा दांडा, पितळी पट्टा. मला तो तंबू आठवला, ते ऊन, ते "मेलं हे". वायूची जोडणी बाईंशिवाय कोणाला येत नव्हती. वायू लावून उघडलेले पिंप गारव्यात काही आठवडे टिकते. पंपाने उघडलेले एक दिवस. आणि बाई उद्या येणार नव्हत्या, परवाही नव्हत्या.

काका जवळ आले. त्यांनी माझ्या झडपेवरची टोपी काढली. पंपाचे तोंड झडपेवर टेकवले. आता फक्त पिळायचे होते. पंपाचा भार झडपेतून माझ्या नळीत, नळीतून तळापर्यंत उतरत होता. ते हळू बोलले, "एकदा कळलं की झोप तरी लागेल मला."

मी काय करणार? पिंपाला हात नसतात. मी फक्त गार राहू शकत होतो, म्हणून जितका राहता येईल तितका गार राहिलो.

काका तसेच वाकून उभे राहिले. मग म्हणाले, "मला कळेल. पण तिला मिळणार नाही." पंप झडपेवरून निघाला. टोपी परत बसली. ज्या माणसाला प्रत्येक गोष्टीची शंका येते, त्याला न कळता राहणे किती जड जात असेल, याचा तुम्ही विचार करून बघा. काकांनी तो पंप नेऊन शिंप्यापुढे ठेवला आणि सांगितले, "हा घेऊन जा. सायकलला लावा." शिंपी म्हणाला, "माझ्याकडे सायकल नाही." काका म्हणाले, "मग घ्या एखादी."

ताप गेला. बाई परत आल्या तेव्हा माझ्या खांद्यावरची तारीख दोन महिन्यांना टेकली होती. काठीचा आवाज आधी आला, मग बाई. लेक हात धरून होती, मावशी मागे, काका सगळ्यांच्या मागे. बाईंनी दाराशी चपला नीट रोवल्या, आत आल्या, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. खडूचे अक्षर बघून म्हणाल्या, "दादाचं शेवटचं?" काकांनी मान डोलावली. त्यांनी तारखेवरून एकदा बोट फिरवले.

"मागचं दार उघडा," त्या म्हणाल्या. "गॅस जोडताना हवा खेळती हवी. हा वायू खाली साचतो आणि माणसाला कळायच्या आत गुदमरवतो." दार उघडले. गल्लीतला उजेड आत आला. बाईंनी जोडणी बसवली, पिळली, दाब बघितला. पहिला पेला नुसता फेस निघाला, तो त्यांनी ओतून दिला. दुसऱ्यात काळी धार आली. त्यांनी पेला उजेडात धरला, मग नाकाशी नेला.

काकांनी दाराची चौकट धरली होती. मी आतून बंद, त्यांचे डोळे बंद.

बाई प्यायल्या. एक घोट, मग दुसरा. मग अर्धा पेला.

"कशी आहे?" काकांनी डोळे न उघडता विचारले.

"दादाला उतरलं म्हणून कळवलंत ना?"

काकांनी डोळे उघडले. "म्हणजे उतरलंय?"

"हे काय विचारणं झालं? समोर तर आहे."

"मग पिऊ नकोस ग. ठेव तो पेला."

"का म्हणून?"

"उतरलंय म्हणालीस ना."

"उतरलंय म्हणून तर पितेय. उतरलं नसतं तर काय प्यायले असते, वारा?"

मावशींनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि लेकीला म्हणाल्या, "ताप नक्की कोणाला होता?"

काकांनी खिशातून दोन्ही कार्डे काढली. वाकलेली, मळलेली. बाईंनी ती वाचली आणि हसू लागल्या. "अहो, बिअर चांगली आहे. उतरलं म्हणजे गाडीतून उतरलं. गाडीवाले वाटेत माल दुसऱ्याच गोदामात टाकतात आणि तो उन्हात पडून राहतो. म्हणून पिंप दाराशी उतरलं की मी दादाला एक कार्ड टाकते. त्यावर एवढाच शब्द असतो. वर्षानुवर्षं. तुम्हाला ठाऊक नाही?" काकांना ठाऊक नव्हते. ते नेहमी वरच्या मजल्यावर वाचत असत.

मग बाईंचे हसू थांबले. त्यांनी पेला खाली ठेवला.

"दोन कार्डं पाठवली त्यानं, आणि इथून एक अक्षर नाही. मीही दवाखान्यातून एकदाच लिहिलं, मग तापात राहून गेलं." त्या काकांकडे बघत होत्या. "त्याला वाटलं असेल, पिंपाचं काही झालं नाही, माझंच झालं. आणि तुम्हाला लिहायचा धीर होत नाही. फोन ऐकू येत नाही त्याला. तो रोज दारात टपालवाल्याची वाट बघत असेल, आणि तो आला की आत पळत असेल."

यंत्र गुरगुरत होते. इतके दिवस मला वाटत होते की सगळी भीती या चार भिंतींत कोंडलेली आहे. ती तर दुसऱ्या टोकालाही तेवढीच साठत होती, आणि तिला झडपही नव्हती.

"मी लिहिते," बाई म्हणाल्या. "कार्ड द्या."

"नाही," काका म्हणाले. "मला लिहू दे."

टेबल शोधायला ते थांबले नाहीत. माझ्या डोक्यावर, जोडणीच्या बाजूला जी बोटभर सपाट कड आहे, तिथेच कार्ड टेकवून त्यांनी लिहिले. पेनाचा दाब मला लागत होता. "दादांना नमस्कार. पिंप आलं त्याच दिवशी दाराशी उतरलं. छोटी आज घरी आली, चालते आहे. पहिला पेला तिनेच घेतला. बिअर चांगली आहे. कळवायला उशीर केला, क्षमा असावी. तुमचं अर्धं पिंप तुम्हीच प्या, गार आहे तोवर." बिअरबद्दल त्यांनी तो शब्द वापरला नाही. चांगली आहे, असे सरळ लिहिले.

मित्रांनो, माझे आता वय झाले. झडप कुरकुरते, तळ चेपला आहे. माझ्यासारखे कोणी तुमच्या ताब्यात आले तर त्याला गार ठेवा, पण गोठवू नका. उभे ठेवा, वाऱ्यापासून जपा, आणि त्याच्यावर लिहिलेली तारीख अधूनमधून वाचत जा. मात्र पिंप काही आठवडे तरी वाट बघू शकते. पत्र लिहून बसलेल्या माणसाला तेवढाही गारवा नसतो. त्याला थोडक्यात कळवा, चुकले तरी चालेल, पण कळवा.

लेक म्हणाली, "बाबा, द्या, मी टाकून येते." काकांनी नाही म्हणून मान हलवली. मागचे दार अजून उघडेच होते. गल्लीच्या पलीकडे, भिंतीला टपालपेटी आहे. काका मफलर तसाच बांधलेला, उन्हात गल्ली ओलांडून गेले. कार्ड फटीत अर्धे घालून थांबले. मग सोडले. दोन बोटे फटीत घालून ते खरोखर आत पडले की नाही ते त्यांनी चाचपून पाहिले, आणि ते परत आले.